यलोस्टोनचा ज्वालामुखी कसा वाचावा: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पहिला दीड दिवस डोंगर शोधण्यात घालवला. ज्वालामुखी म्हटले की माथ्यावर खळगा असलेला शंकूसारखा पर्वत डोळ्यांसमोर येतो, आणि तसा पर्वत या उद्यानात कोठेच नाही. ज्याला मी शोधत होतो त्याच्या पोटातच मी उभा होतो, हे दुसऱ्या दिवशी दुपारी एका माहितीफलकाने सांगितले. तोपर्यंत उकळती कुंडे, चिखलाचे बुडबुडे आणि पाण्याचे फवारे ही सगळी मला एकमेकांशी संबंध नसलेली नवलाची ठिकाणे वाटत होती. दुसऱ्या खेपेला मी क्रम बदलला आणि आधी खडक पाहून मग पाणी पाहिले. त्या एका बदलाने सारे उद्यान सलग वाचता आले, म्हणून पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत.

१. निघण्यापूर्वी काय जवळ असावे

उद्यानाचा बहुतेक भाग वायोमिंग राज्यात आहे आणि त्याच्या कडा माँटाना व आयडाहो या राज्यांत शिरतात. क्षेत्रफळ सुमारे ८,९८० चौरस किलोमीटर आहे. ग्रँड लूप हा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा मुख्य रस्ता सुमारे २२९ किलोमीटरचा आहे, आणि रानगव्यांचे कळप रस्ता अडवतात तेव्हा तासाभराचे अंतर दोन तासांचे होते. हा सगळा खडक-पाण्याचा पाठ नीट पाहायचा असेल तर चार दिवस हाताशी ठेवावेत. तीन दिवसांत तो कसाबसा बसतो, दोन दिवसांत बसत नाही.

- प्रवेशपास. खासगी मोटारीसाठी सात दिवसांचा पास ३५ डॉलरचा आहे. अमेरिकेत वास्तव्य नसलेल्या पाहुण्यांना १ जानेवारी २०२६ पासून माणशी जादा शुल्क लागू झाले आहे, म्हणून राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर चालू दर पाहूनच निघावे. ओळखपत्र सोबत ठेवावे.
- राष्ट्रीय उद्यान सेवेचे अधिकृत ॲप, आणि त्यातील यलोस्टोनची माहिती आधीच फोनवर उतरवून घेतलेली. उद्यानात बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज मिळत नाही.
- प्रवेशद्वारावर मिळणारा कागदी नकाशा. शक्य असल्यास अमेरिकी भूगर्भशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेचा भूशास्त्रीय नकाशाही पाहून ठेवावा.
- दुर्बीण, साधे भिंग, वही आणि घड्याळ. गायझर, म्हणजे अधूनमधून उसळणारे उकळत्या पाण्याचे फवारे, पाहताना घड्याळाचा उपयोग कॅमेऱ्याइतकाच होतो.
- पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा आणि मऊ पुसणे. गायझरच्या तुषारांत विरघळलेली सिलिका असते. ती काचेवर वाळली तर डाग कायमचे राहतात. माझ्या एका चष्म्यावर ते अजून आहेत.
- उबदार कपडे, कारण उद्यानाचा बराचसा भाग २,००० मीटरहून उंच आहे आणि जुलैतही पहाटे बोटे गारठतात.
- पायवाटेने रानात जाणार असाल तर अस्वलाला रोखणारा अस्वल-फवारा. तो विमानात नेता येत नाही, तिकडे पोहोचल्यावरच घ्यावा लागतो.

बहुतेक अंतर्गत रस्ते एप्रिलच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच सामान्य वाहनांसाठी खुले असतात. वर्षभर उघडा असतो तो फक्त उत्तर प्रवेशद्वार ते ईशान्येकडील कुक सिटी हा रस्ता.

२. पहिला दिवस खडकासाठी ठेवा: मॅमथ ते मॅडिसन

उत्तरेकडील गार्डिनर गावातून आत शिरून मॅमथ, नॉरिस आणि मॅडिसन असा दक्षिणेकडे प्रवास केला, तर साठेक किलोमीटर अंतरात या ज्वालामुखीची जवळजवळ सगळी पाने उलटून होतात.

मॅमथच्या थोडे दक्षिणेला गोल्डन गेट ही अरुंद खिंड लागते. तिच्या पिवळट कड्यांत टफ, म्हणजे उष्ण राख आणि खडकाचे तुकडे एकत्र बसून घट्ट झालेला खडक, उघडा पडला आहे. हा थर सुमारे २०.८ लाख वर्षांपूर्वीच्या पहिल्या महाउद्रेकाचा असून त्याला हकलबेरी रिज टफ म्हणतात. त्या उद्रेकात सुमारे २,४५० घन किलोमीटर सामग्री बाहेर पडली. दुसरा, तुलनेने लहान उद्रेक सुमारे १३ लाख वर्षांपूर्वी आजच्या उद्यानाच्या पश्चिमेला आयडाहोत झाला. तिसरा ६,३१,००० वर्षांपूर्वीचा, सुमारे १,००० घन किलोमीटरचा, आणि आज आपण ज्याला यलोस्टोनचा काल्डेरा, म्हणजे जमीन खाली बसून झालेला खळगा, म्हणतो तो त्याचाच.

पुढे शीपईटर क्लिफ येथे बेसॉल्टचे बहुकोनी खांब उभे आहेत. सह्याद्रीचा काळा कातळ पाहिलेल्या माणसाला येथे ओळखीचे काही तरी भेटते, आणि फसगत होते तीही येथेच. बेसॉल्ट यलोस्टोनमध्ये आहे, पण तो कथेचा नायक नाही. नायक आहे रायोलाइट. बेसॉल्टचा शिलारस पातळ असतो, तो दूरवर वाहत जातो आणि त्यातील वायू सहज निसटतात. रायोलाइटमध्ये सिलिका पुष्कळ असल्याने त्याचा शिलारस फार दाट असतो. वायू आत कोंडतात, आणि कोंडलेला दाब एकदम सुटला की राखेचे महाउद्रेक होतात. वायू आधीच निघून गेला असेल तर तोच रायोलाइट जाड, मंद लाव्हा होऊन पसरतो. शेवटच्या महाउद्रेकानंतर काल्डेराचा बराचसा भाग अशाच लाव्ह्यांनी भरून गेला. त्यांतला सर्वांत अलीकडचा सुमारे ७०,००० वर्षांपूर्वीचा आहे. खळगा डोळ्यांना दिसत नाही, याचे मुख्य कारण हे.

ऑब्सिडियन क्लिफ म्हणजे तोच रायोलाइटी लाव्हा, पण स्फटिक बनायला वेळ न मिळाल्याने काच झालेला. त्याचे वय सुमारे १,८०,००० वर्षे आहे. मूळ रहिवासी हजारो वर्षे या काचेची पाती आणि बाणाग्रे करत आले, आणि येथली काच पार ओहायोपर्यंतच्या प्राचीन दफनस्थळांत सापडली आहे. येथून खडा उचलणे गुन्हा आहे. ही बंदी सबंध उद्यानातील प्रत्येक दगडाला लागू आहे.

३. काल्डेराची कड ओळखा

काल्डेरा म्हणजे शिलारसाची कोठी रिकामी झाल्यावर तिचे छप्पर खाली बसून झालेला खळगा. यलोस्टोनचा खळगा सुमारे ७० किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद आहे. इतकी मोठी गोष्ट एका नजरेत मावत नाही, म्हणून ती तुकड्यांनी पाहावी लागते. नॉरिस आणि मॅडिसनच्या मध्ये २६ मीटरचा गिबन धबधबा काल्डेराच्या कडेच्या अवशेषावरून कोसळतो; त्याच रस्त्यावरील टफ क्लिफ हा तिसऱ्या उद्रेकाचा थर आहे. सगळ्यांत चांगला देखावा ३,१२२ मीटर उंच माउंट वॉशबर्नच्या परिसरातून मिळतो. हा डोंगर यलोस्टोनच्या ज्वालामुखीपेक्षा कितीतरी जुन्या, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचा अवशेष आहे. तेथून दक्षिणेकडे पाहिले की डोंगररांग एकदम तुटलेली दिसते आणि पुढे दूरवर सपाटी पसरते. ती सपाटी म्हणजे काल्डेरा. शिखरापर्यंत चढणे जमत नसेल तर डनरेव्हन खिंडीच्या दक्षिणेला रस्त्यालगत वॉशबर्न हॉट स्प्रिंग्ज ओव्हरलुक ही थांबायची जागा आहे, ती पुरे.

४. तीन पाणी वेगळे करायला शिका

या लेखातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. उद्यानात उष्णोदकाची १०,००० हून अधिक ठिकाणे आहेत, आणि नावे पाठ करत बसल्यास डोके चक्रावते. त्यापेक्षा प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारावेत: पाणी किती आहे, कोणते आहे, आणि ते कोणत्या खडकातून आले आहे.

उष्णता सर्वत्र एकच. खाली काही किलोमीटर खोलीवर शिलारसाचा साठा आहे. तो बहुतांशी घन असून वितळलेला भाग त्यात थोडाच आहे. पाऊस आणि बर्फाचे पाणी भेगांतून खोल जाते, तापते आणि वर येते. वर येताना त्याचे काय होते यावर त्याची जात ठरते.

पहिले पाणी सिलिकेचे. रायोलाइटमधून जाताना अतितप्त पाणी सिलिका विरघळवते आणि पृष्ठभागावर येऊन ती करड्या-पांढऱ्या पुटांच्या रूपाने सोडते. हे पाणी स्वच्छ, निळे आणि बहुधा किंचित अल्कधर्मी असते. अपर, मिडवे आणि लोअर गायझर बेसिन या खोऱ्यांमध्ये मुख्यतः हेच आहे. सिलिकेची पुटे भेगांच्या आत बसून त्यांना दाब सहन करणारी नळी बनवतात, म्हणून गायझर बहुधा अशाच पाण्यात होतात.

दुसरे पाणी आम्लाचे. पाणी कमी आणि वाफ जास्त असेल तेथे वाफेबरोबर हायड्रोजन सल्फाइड वर येतो. सूक्ष्मजीव त्यापासून गंधकाम्ल बनवण्यास हातभार लावतात, आणि ते आम्ल खडकाला अक्षरशः चिखल करून टाकते. यलोस्टोन सरोवराच्या उत्तरेकडील मड व्होल्कॅनो परिसर हा त्याचा नमुना. कुजक्या अंड्यांचा वास येऊ लागला की निळे पाणी शोधू नये, चिखल शोधावा. पाणी याहून कमी झाले की उरते फक्त वाफेचे भोक. नॉरिसच्या उत्तरेला रोअरिंग माउंटनचा उतार अशा वाफद्वारांनी भरलेला आहे.

तिसरे पाणी चुन्याचे, आणि ते मॅमथला आहे. मॅमथ काल्डेराच्या बाहेर आहे आणि तेथील पाणी प्राचीन समुद्रात तयार झालेल्या चुनखडकातून येते. वर आल्यावर त्यातील कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि विरघळलेला चुना ट्रॅव्हर्टाइन बनून पायऱ्यापायऱ्यांनी बसतो. ही बसण्याची गती इतकी आहे की काही वर्षांत देखावा बदलतो. एक कुंड कोरडे पडले की पाहुणे हळहळतात आणि ‘झरे आटले’ असे घरी सांगतात; प्रत्यक्षात पाणी दुसऱ्या वाटेने निघालेले असते. चुन्याचा खडक मऊ असल्याने दाब कोंडून धरू शकत नाही, आणि येथले पाणीही तुलनेने कमी तापलेले असते, त्यामुळे मॅमथला गायझर नाहीत.

वेळ कमीच असेल तर लोअर बेसिनमधील फाउंटन पेंट पॉटची लहानशी फेरी करावी. साधारण अर्ध्या तासात गायझर, उष्ण कुंड, चिखलकुंड आणि वाफद्वार असे चारही प्रकार पाहायला मिळतात. तेथला चिखल जूनमध्ये पातळ असतो आणि ऑगस्टअखेर घट्ट होत जातो, कारण जमिनीतील पाणी उतरत जाते. ‘पाणी किती’ हा प्रश्न का विचारायचा, ते तेथे प्रत्यक्ष समजते.

५. गायझरसाठी थांबावे कसे

स्नानगृहातील पाणी तापवण्याच्या यंत्राला आपण गीझर म्हणतो तो हाच शब्द, आइसलँडमधील एका फवाऱ्याच्या नावावरून आलेला. जगातील निम्म्याहून अधिक सक्रिय गायझर यलोस्टोनमध्ये आहेत.

त्याचे तंत्र असे आहे. या उंचीवर पाणी सुमारे ९३ अंश सेल्सियसला उकळते, पण नळीच्या तळाशी वरच्या पाण्याचे वजन असल्याने तेथले पाणी त्याहून बरेच तापूनही उकळत नाही. नळी कोठे तरी अरुंद असते; ओल्ड फेथफुलमध्ये सुमारे ७ मीटर खोलीवरची एक फट जेमतेम १० सेंटीमीटर रुंद आहे. वाफेचे बुडबुडे तेथे अडतात, मग थोडे पाणी वरून सांडवतात. तेवढ्याने खालचा दाब घटतो, अतितप्त पाण्याची एकाएकी वाफ होते आणि सगळा स्तंभ उसळतो. उद्रेकाआधी जे छोटे उसळे दिसतात ते हे सांडणे होय. ते पाहून कॅमेरा बंद करणारे लोक मी पुष्कळ पाहिले.

ओल्ड फेथफुल साधारण ३२ ते ५६ मीटर उंच जातो आणि दीड ते पाच मिनिटे चालतो. तो ‘दर तासाला’ उडतो ही समजूत सोडून द्यावी. उद्रेक थोडक्यात आटोपला तर नळीत पाणी शिल्लक राहते आणि पुढचा लवकर येतो. लांबला तर दीड तासाच्या आसपास थांबावे लागते. घड्याळ त्यासाठीच सांगितले होते: एका उद्रेकाचा कालावधी मोजा, पुढच्याचा अंदाज तुम्हालाच करता येईल. भूकंपांनीही हे वेळापत्रक बदलते. १७ ऑगस्ट १९५९ च्या ७.३ तीव्रतेच्या हेबगेन लेक भूकंपानंतर त्याच्या दोन उद्रेकांमधील सरासरी अंतर वाढले.

माझे मत विचाराल तर ओल्ड फेथफुल एकदा पाहावा आणि उरलेला वेळ त्याच बेसिनमधील ग्रँड, कॅसल, डेझी किंवा रिव्हरसाइडला द्यावा. यांच्या अंदाजे वेळा उद्यानाकडून जाहीर होतात आणि ॲपवर पाहता येतात. रिव्हरसाइडचा फवारा फायरहोल नदीवर कमानीसारखा झुकतो आणि सुमारे वीस मिनिटे चालतो. उलट, नॉरिसमधील स्टीमबोट हा जगातील सर्वांत उंच, ९० मीटरहून अधिक उसळणारा गायझर असला तरी त्याच्यासाठी मुद्दाम थांबू नये. १९११ ते १९६१ अशी पन्नास वर्षे तो गप्प होता, आणि २०१९ व २०२० मध्ये प्रत्येकी ४८ वेळा उडाला. त्याला अंदाज लागू पडत नाही.

६. रंग हे तापमापक आहेत

मिडवे बेसिनमधील ग्रँड प्रिझमॅटिक स्प्रिंग सुमारे ११० मीटर रुंद आहे. मधला निळा रंग स्वच्छ, खोल आणि अतिउष्ण पाण्याचा. भोवतीच्या पिवळ्या, नारिंगी आणि तपकिरी कडा खनिजांच्या नव्हेत, तर सूक्ष्मजीवांच्या साईसारख्या थरांच्या आहेत. साधारण ७३ अंशांच्या वर प्रकाशसंश्लेषण करणारे जीव टिकत नाहीत, म्हणून पिवळी पट्टी जेथे सुरू होते तेथे पाणी साधारण तेवढे निवले आहे असे समजावे. अशाच उष्ण पाण्यात टॉमस ब्रॉक या शास्त्रज्ञाला १९६६ मध्ये थर्मस ॲक्वाटिकस हा जिवाणू सापडला, आणि त्याच्यापासून मिळालेले विकर पुढे पीसीआर चाचणीचा आधार ठरले.

येथला सापळा वेळेचा आहे. सकाळच्या थंडीत वाफ इतकी असते की रंग दिसतच नाहीत, म्हणून दुपारी जावे. फळ्यांच्या पायवाटेवरून पूर्ण आकार कळत नाही. फेअरी फॉल्सच्या वाहनतळावरून सुमारे एक किलोमीटर चालून उंचावरील सज्ज्यावर जावे.

अपर बेसिनमधील मॉर्निंग ग्लोरी पूल एकेकाळी निळा होता. लोकांनी त्यात नाणी आणि कचरा टाकला, मार्ग तुंबले, पाणी निवले आणि पिवळा-नारिंगी रंग आत सरकला. तेथे उभे राहिल्यावर नियम का आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही.

७. जेथे पाय ठेवायचा तेथेच ठेवा

उष्ण कुंडांत पडून किंवा उतरून भाजल्याने आजवर २० हून अधिक माणसे येथे दगावली आहेत. कुंडाभोवतीची जमीन टणक दिसते, पण कित्येकदा तो उकळत्या पाण्यावरचा पातळ पापुद्रा असतो. फळ्यांची वाट सोडू नये, मुलांचा हात सोडू नये, उडालेल्या टोपीमागे जाऊ नये. उष्ण भागांत पाळीव प्राण्यांना मनाई आहे, आणि सबंध उद्यानात ड्रोनला. अस्वले आणि लांडगे यांच्यापासून किमान ९१ मीटर, रानगव्यांसह इतर प्राण्यांपासून किमान २३ मीटर दूर राहावे.

वाटेवर असूनही धोका शून्य होत नाही. २३ जुलै २०२४ रोजी बिस्किट बेसिनमध्ये ब्लॅक डायमंड पूलजवळ वाफेचा स्फोट झाला, दगड उडाले आणि पायवाट मोडली; सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. असा स्फोट शिलारसाचा नसतो. उथळ खोलीवर अडलेले तप्त पाणी एकदम वाफ बनल्याने तो होतो. तो भाग त्यानंतर बंद करण्यात आला, तेव्हा जाण्यापूर्वी सद्यस्थिती तपासावी.

८. शेवटचा दिवस: घळ आणि सरोवर

ग्रँड कॅनियन ऑफ द यलोस्टोनमधील ९४ मीटरचा लोअर फॉल्स सगळे पाहतात. तुम्ही भिंतींचा रंग पाहा. उष्ण पाण्याने आणि वायूंनी रायोलाइट आतून कुजवला, मऊ केला आणि त्यातील लोहाला पिवळे-तांबूस रंग आणले. मऊ झालेला खडक नदीने सहज कापला. चौथ्या टप्प्यात पाहिलेल्या प्रक्रियेचीच ही कापून ठेवलेली चकती आहे, आणि भिंतींतून आजही कोठे कोठे वाफ निघते.

सरोवराच्या पश्चिमेचा वेस्ट थंब हा सुमारे १,७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाने झालेला, मोठ्या काल्डेराच्या आतला लहान काल्डेरा आहे. उत्तर काठावरील मेरी बे हे सुमारे १३ हजार वर्षांपूर्वीच्या वाफेच्या स्फोटाचे विवर असून ते दोन किलोमीटरहून अधिक रुंद आहे. बिस्किट बेसिनमध्ये जे झाले त्याचे हे महाकाय रूप. पूर्व प्रवेशद्वाराच्या रस्त्यावरून ते दिसते, पण तेथे बहुतेक मोटारी थांबत नाहीत.

९. परतल्यावर येणाऱ्या बातम्या

एकदा जाऊन आलात की ‘यलोस्टोन फुटणार’ या मथळ्याचे दुवे नातेवाईक पाठवू लागतात. येथे दरवर्षी साधारण १,५०० ते २,५०० भूकंप नोंदले जातात आणि त्यांतले बहुतेक कोणाला जाणवतही नाहीत; ते थव्यांनी येतात, हेही नेहमीचेच. जमीनही वर-खाली होते: २००४ ते २०१० या काळात काल्डेराचा काही भाग सुमारे २५ सेंटीमीटर उचलला गेला आणि पुढे खाली बसू लागला.

‘वेळ भरत आली आहे’ हा युक्तिवाद आकड्यांवरही टिकत नाही. तीन महाउद्रेकांमध्ये अंतरे दोनच आहेत, एक सुमारे ७.८ लाख आणि दुसरे सुमारे ६.७ लाख वर्षांचे. दोन अंतरांवरून वेळापत्रक मांडता येत नाही. मांडलेच तरी ६.३१ लाख वर्षे ही संख्या दोन्हींपेक्षा कमी भरते. एखाद्या वर्षी महाउद्रेक होण्याची शक्यता सुमारे ७,३०,००० मध्ये एक इतकी मांडली जाते, आणि पुढचा उद्रेक झालाच तर तो वाफेचा स्फोट किंवा लाव्ह्याचा असण्याचा संभव जास्त.

दुवा आला की यलोस्टोन ज्वालामुखी वेधशाळेची मासिक माहिती उघडावी. २००१ मध्ये स्थापन झालेली ही वेधशाळा दर महिन्याला भूकंपांची संख्या, जमिनीची हालचाल आणि स्टीमबोटच्या उद्रेकांचा हिशेब साध्या भाषेत देते. तो वाचायला पाच मिनिटे लागतात, आणि त्यातली ठिकाणे तुम्ही पायाखालून घातलेली असतात.